मुख्य बेडरूम: जुन्या सागवानी पलंगाच्या दोन्ही बाजूंना काय ठेवावं?

पारिजात

नमस्कार मंडळी. नागपूरला त्रिमूर्तीनगरात आमचं १९८८ सालचं घर आहे, सासऱ्यांनी बांधलेलं. खालची मोठी खोली आमची. तिच्यातला पलंग १९९४ साली माझ्या लग्नात माहेरून आला. अस्सल सागवान, उशाच्या फळीवर समोरासमोर दोन मोर कोरलेले. बाबांनी भंडाऱ्याच्या सुतारासमोर रोज संध्याकाळी बसून तो करून घेतला होता. इतक्या वर्षांत एकदाच पॉलिश केलं, बाकी जसाच्या तसा आहे.

गेल्या महिन्यात खोलीला फिकट बदामी रंग दिला, पडदे बदलले. सगळं झाल्यावर दारात उभी राहून पाहिलं, तर नजर थेट पलंगाच्या दोन बाजूंवर जाते. उजवीकडे निळं प्लास्टिकचं स्टूल, डावीकडे मुलाच्या अभ्यासाची लोखंडी खुर्ची आणि तिच्या पाठीवर टॉवेल. एवढा देखणा पलंग आणि त्याच्या उशाशी हे. फार खट्टू वाटतं हो.

नुसत्या शोभेचाही प्रश्न नाही. मागच्या दिवाळीनंतर आमच्या यांची अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट आहेत. जिभेखाली ठेवायची गोळी रात्री हाताशी लागतेच. दोन वर्षांपूर्वी कापसाची गादी काढून फोमची सहा इंची आणली, तेव्हापासून पलंग उंच झाला आणि स्टूल खाली गेलं. परवा रात्री अडीचच्या सुमाराला यांनी अंधारात पाण्याला हात घातला. तांब्या कलंडला, चष्मा पाण्यात, गोळ्यांची पट्टी पलंगाखाली. मी दिवा लावेपर्यंत हे गुडघ्यावर बसून फरशीवर हात फिरवत होते. त्या रात्रीपासून ठरवलं की आता हे काम टाळायचं नाही.

आधी एकदा चूक करून बसले आहे. चार वर्षांपूर्वी एका दुकानातून तयार साइड टेबल आणलं होतं, पांढरं, चकचकीत. डावीकडच्या खिडकीत कूलर आहे, त्याच्याजवळ ठेवलं. जून संपेपर्यंत त्याच्या खालच्या कडा पोळीसारख्या फुगल्या आणि खण उघडेना. तक्रार केली तर म्हणाले, पाणी लागलेल्या वस्तूची हमी नसते.

मापं देते. उशाची भिंत ११ फूट. पलंग चौकटीसकट ६ फूट २ इंच. उजवीकडे (यांची बाजू) २२ इंच जागा, डावीकडे (माझी बाजू, कूलरची) ३६ इंच. जमिनीपासून गादीच्या वरपर्यंत २२ इंच. बटणं दाराजवळ, पलंगाजवळ फक्त उजव्या बाजूला एक प्लग.

मुलगी म्हणते पांढरी, सोनेरी हँडलची जोडी घे, खोली उजळेल. हे म्हणतात स्टूलच उंच आण. मला वाटतं पलंगाला साजेसं असावं. खर्च दहा-बारा हजारांपर्यंत करीन. दोन्ही बाजूंना सारखंच लागतं का? उंची किती ठेवू? आणि कूलरजवळ टिकेल असं काय?

रेषा_आणि_माप

पारिजातताई, मी अंतर्गत सजावटीचं काम करते, धरमपेठेत. तुमची मापं वाचूनच अर्धं उत्तर मिळालं, कारण बहुतेक लोक फोटो पाठवतात आणि मापं विचारली की गप्प होतात.

आधी उंची. गादी रिकामी असताना २२ इंच आहे, पण फोम दबतो. यांना नेहमीच्या जागी झोपायला सांगा आणि खांद्याजवळ पट्टी लावून मोजा. इंच-दीड इंच कमी भरेल. टेबलाचा माथा त्याच पातळीला हवा. फार खाली असला की तुमच्याकडे झालं तसं होतं, हात शोधत जातो आणि वस्तू पाडतो. फार वर असला तर अंधारात मनगट कडेवर आपटतं आणि टेकून बसलं की कोपरही ठरत नाही.

रुंदी. उजवीकडे २२ इंच आहेत म्हणून २० इंचांचं टेबल कोंबू नका. चादर खोचायला आणि पोछा फिरायला पलंगाच्या बाजूने दोन-तीन इंच मोकळे लागतात. १६ ते १८ च्या आत राहा. खोली, म्हणजे भिंतीपासून पुढे येणारं माप, त्याहून महत्त्वाचं. टेबल उशीच्या पुढे आलं तर रात्री उठताना पाय खाली टाकायला जागा राहत नाही. माणूस मग अंग वळवून उठतो, आणि हृदयाचा त्रास असलेल्याला तो पीळ नको. १५-१६ इंच पुरे.

आता दिसण्याबद्दल, तुमचा मूळ प्रश्न तोच आहे. दोन बाजूंना जोडी हवी हा नियम शोरूमने घातलेला आहे. तिथे पलंग मधोमध असतो. तुमचा नाही, १४ इंचांचा फरक आहे. एकसारखी जोडी ठेवलीत तर तो फरक उलट जास्त दिसेल. त्यापेक्षा दोन्हींची वरची रेघ एका उंचीला ठेवा आणि लाकडाचा रंग एक ठेवा, बाकी आकार वेगळे असू द्यात. डोळ्याला रेघ सरळ मिळाली की खोली शांत दिसते.

मुलीचं म्हणणं मी पूर्ण मोडीत काढणार नाही, तिला खोली उजळ हवी आहे आणि ते बरोबर आहे. पण उजेड दिव्याने आणा. पांढरं टेबल त्या मोरांच्या शेजारी आलं की सगळी नजर टेबलावर जाईल. तुम्हाला नजर मोरांवर हवी आहे ना? मग शेजारी बसणारी वस्तू साधी, सपाट, नक्षी नसलेली असावी. पाय उघडे, फरशीपासून सहा इंच वर. खालून फरशी दिसली की लहान खोली मोकळी वाटते.

दिवा टेबलावर ठेवू नका, भिंतीला लावा. टेकून बसल्यावर खांद्याच्या थोडा वर येईल असा. बल्ब पिवळसर घ्या, खोक्यावर २७०० किंवा ३००० के लिहिलेलं असतं. ६५०० वाला पांढरा बल्ब लावलात तर जुनं सागवान राखेसारखं दिसतं.

एक काम आजच करा. पुठ्ठ्याची खोकी रचून याच मापाचं नकली टेबल दोन्ही बाजूंना ठेवा आणि चार रात्री त्याच्याशेजारी झोपा. मी प्रत्येक घरात हे करून घेते. कागदावर बरोबर वाटलेलं माप रात्री चुकतं.

सागाची_साल

ताई नमस्कार. मी सुतार आहे. लकडगंजात आरा मशीनपासून काम शिकलो, आता बेसा रोडला माझं स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे. तुमचा पलंग वाचून बरं वाटलं. असा पलंग आता कोणी बनवून मागत नाही.

तुमचं ते पांढरं टेबल काहून फुगलं ते सांगतो. ते भुशाच्या दाबलेल्या पाटीचं असते. वरून कागद नाही तर सनमायका असते, तिथून पाणी जात नाही. पण टेबल उलटं करून पाहा, खालची कड उघडी असते. स्क्रूची भोकं उघडी, मागची पाटी उघडी. कूलरची ओल तिथून शिरते. एकदा भुसा फुगला की वाळल्यावरही बसत नाही. मेमध्ये आपली हवा कोरडीठाक, कूलरसमोर मात्र ओल, मग जुलैमध्ये सगळीकडेच ओल. ह्या मारात भुशाची पाटी टिकत नाही.

प्लायच घ्यायचा असंन तर शिक्का पाहून घ्या. आयएस ७१० म्हणजे मरीन, कूलरजवळ तोच. आयएस ३०३ मध्ये एमआर (थोडी दमट हवा सोसणारा) आणि बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याचा मार सोसणारा) असे दोन येतात, त्यातला एमआर ओलीच्या जागी वापरू नका. आणि कोणताही घेतला तरी चारही कडा बंद करून घ्या, खालची आणि मागची धरून.

पण मी म्हणीन सागवान. आपल्याकडं ते सीपी टीक म्हणतात, जुन्या मध्य प्रांताच्या नावावरून. बल्लारशाच्या डेपोतलं सागवान २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी गेलं, नव्या संसदेतही आपल्या नागपूरकडचं सागवान आहे. आणि आपणच घरात भुसा आणून ठेवतो, हे मला लई लागते.

नवीन घेतलं तर एका टेबलाले पाऊण ते एक घनफूट लाकूड लागते, कटाई धरून. फक्त लाल गाभ्याचं घ्या. कडेचा पांढरा भाग असला तर वाळवी पहिले तिथं लागते. तुमच्या बजेटमध्ये दोन टेबलं नव्या सागवानात बसवणं कठीण आहे. म्हणून एक विचारतो. तुमचं घर १९८८ चं आहे. खिडक्या बदलल्या का? जुन्या चौकटी कुठं आहेत?

पारिजात

अहो भाऊ, वाचून मी ताडकन उठून गच्चीवर गेले. २०१६ मध्ये खालच्या खिडक्या काढून अॅल्युमिनियमच्या सरकत्या बसवल्या. जुन्या दोन चौकटी आणि चार पल्ले पाण्याच्या टाकीखाली उभे आहेत. मी त्यांच्यावर कुंड्या ठेवत होते. हिरवा ऑइलपेंट आहे, एका कोपऱ्यात थोडं खाल्ल्यासारखं वाटतं. सुरीने खरवडलं तर आतून मधासारखा रंग निघाला आणि तोच वास आला, नवा पलंग घरात आला त्या दिवसाचा.

सागाची_साल

मग ताई, लाकूड तुमच्या घरीच आहे. तीसच्या वर वर्षं वाळलेलं लाकूड, हे बाजारात पैसे देऊनही मिळत नाही. नवीन लाकूड वर्षभर हलते, म्हणजे फुगते-आकसते, हे हलून हलून थांबलं आहे.

खिडकीची चौकट बहुतेक चार बाय अडीच इंचाची असंन. तिच्यातून टेबलाचे पाय आणि आडव्या पट्ट्या निघतात. पल्ल्यातून माथा आणि खणाचं तोंड. चिरायले नेण्याआधी प्रत्येक खिळा काढा, लोहचुंबक फिरवून पाहा. आत एक खिळा राहिला तर आऱ्याचं पातं जाते आणि मशीनवाला दुसऱ्यांदा हात लावत नाही. खाल्लेला कोपरा चार बोटं पुढून कापून टाका.

तुमच्या सुताराले चार गोष्टी सांगा. जोड खिळ्यावर नको, खाच पाडून घे. खणाच्या दोन्ही बाजूंनी एकेक सूत (इंचाचा आठवा भाग) जागा सोड, नाही तर श्रावणात खण अडकंन. खणाले बॉल बेअरिंगचं चॅनेल लाव, आवाज होत नाही आणि एका बोटानं उघडते. माथ्यावर तीन बाजूंनी अर्ध्या इंचाची उभी पट्टी घे, पलंगाकडची बाजू उघडी. म्हणजे गोळ्यांची पट्टी हातानं सरकली तरी खाली जात नाही. सगळे कोपरे गोल.

पॉलिशचं मात्र ध्यान ठेवा. लाखेचं स्पिरिट पॉलिश पलंगाले शोभते, पण त्याच्यावर पाण्याचा ग्लास ठेवला की पांढरा गोल उमटते. टेबलाच्या माथ्याले मेलामाइन नाही तर पीयू (पॉलीयुरेथेन) पॉलिश मारा. रंग पलंगाशी जुळवायचा असंन तर सुताराले पलंगाजवळ बसवून तुकड्यावर तीन-चार छटा करून पाहायले सांगा, दिवसाच्या उजेडात.

भाड्याचं_घर

सागवान सगळ्यांकडे नसतं म्हणून लिहिते. आम्ही मनीषनगरला भाड्याने राहतो, पाच वर्षांत तीन घरं बदलली. मी पावडर कोटिंग केलेली लोखंडी चौकट आणि वर दगडाची लादी, अशी दोन छोटी टेबलं वेल्डिंगवाल्याकडून करून घेतली. कूलरने काही होत नाही. फक्त पायांना रबरी टोप्या घाला, नाहीतर फरशीवर गंजाचे डाग पडतात.

महालातला_कोनाडा

पारिजातताई, माझं वय ७३. महालातल्या आमच्या जुन्या वाड्यात साइड टेबल ही वस्तूच नव्हती. भिंती दोन हात जाड, आणि जिथे आजोबांची गादी पडायची तिथे उशाच्या डाव्या अंगाला कोनाडा होता. त्यात कंदील, चष्मा, अडकित्ता आणि औषधाची पुडी. उन्हाळ्यात गच्चीवर झोपायचो तेव्हा उशाशी सुरई. आजोबांचा हात झोपेतसुद्धा त्या कोनाड्यात बरोबर जायचा, कारण पन्नास वर्षांत वस्तूची जागा बदलली नव्हती. आजी दिवाळीत आतून चुना लावायची, तेव्हाही वाळल्यावर प्रत्येक वस्तू जिथली तिथे ठेवायची.

तुमच्या डाव्या बाजूला कूलर आहे तर तिथे जमिनीवर उभं काही ठेवूच नका. उशाच्या भिंतीला एक फळी लावा, टेबलाच्याच उंचीला, खाली काही नाही. कूलरच्या टाकीत पाणी भरताना सांडलं तरी पुसून घेता येतं. जुन्या घराची नऊ इंची विटांची भिंत असेल तर फळी भक्कम बसते, चार-साडेचार इंची असेल तर ब्रॅकेट मोठे घ्या.

आणि औषधं त्या फळीवर नकोत. ओल आणि औषध एकत्र ठेवू नये. गोळी यांच्याच खणात, खणाच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यात, आणि ती जागा घरातल्या सगळ्यांना माहीत हवी. तुम्ही बाहेरगावी असाल आणि मुलगी जवळ असेल, तेव्हा तिचाही हात अंधारात तिथेच गेला पाहिजे.

पारिजात

महिना झाला, पण सांगितल्याशिवाय राहवेना.

पुठ्ठ्याची खोकी आधी ठेवली. यांना झोपवून मोजलं तर गादी साडेवीस इंचांवर आली. पहिल्या दोन रात्री १८ इंच रुंद, १८ इंच खोल ठेवलं होतं. दुसऱ्या रात्री हे उठताना पाय अडखळला आणि खोकं पडलं. मग १६ बाय १५ केलं. तिसऱ्या रात्री यांनी पाणी प्यायलं, ग्लास ठेवला आणि परत झोपले. मला जाग आली ती ग्लास टेकल्याच्या बारीक आवाजाने. दिवा लावावा लागला नाही. सकाळी हे स्वतःच म्हणाले, हेच माप ठेव.

आमच्या गल्लीतल्या सुताराला तुमची सगळी उत्तरं वाचून दाखवली. लोहचुंबक ऐकून तो आधी हसला, पण चौकटींतून सतरा खिळे निघाले. चिराई ८०० रुपये, मजुरी ६,५०० आणि चॅनेल, मूठ, पॉलिश मिळून २,५००. उजव्या बाजूचं टेबल आणि डावीकडची फळी दोन्ही त्यात आलं. टेबल २१ इंच उंच, एक खण, खाली उघडा कप्पा, पाय सहा इंच मोकळे. रंधा मारताना लाकूड इतकं फिकट निघालं की पलंगाशी जमेल का म्हणून मी घाबरले होते. चार छटा करून पाहिल्या, तिसरी बरोबर मोरांच्या पंखांच्या रंगाची आली. पॉलिशच्या वासामुळे यांना तीन रात्री बाहेरच्या खोलीत झोपवलं.

माथ्याच्या मागच्या बाजूला खिडकीच्या कडीचं जुनं भोक होतं. सुतार लांबी (पुटी) भरून बुजवणार होता. मी म्हटलं राहू द्या, त्यातून चार्जरची वायर खाली नेता येईल. आता वायर दिसत नाही आणि भोकाच्या कडेला बोट फिरवलं की इतक्या वर्षांच्या कडीने केलेला गुळगुळीतपणा लागतो.

रेषाताई, भिंतीवरचा दिवा लावला, ३००० के. रात्री तो एकटा लावला की उजेड तिरका पडतो आणि मोरांची पिसं एकेक उठून दिसतात. इतकी वर्षं त्या पलंगावर झोपते, पण डाव्या मोराच्या चोचीत दाणा कोरलेला आहे हे मला परवा दिसलं. मुलीलाही फोटो पाठवला. तिने पांढऱ्या जोडीचं नाव काढलं नाही, उलट फळीवर काय ठेवणार ते विचारलं. तिथे मुलाचा तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल ठेवणार आहे. तो सहा वर्षांचा असताना इतवारीतून आणला होता, एका चाकाची खुंटी तुटली आहे. सुतार ती उरलेल्या सागवानाची करून देतो म्हणाला.

काका, तुमचं ऐकून गोळी पुढच्या डाव्या कोपऱ्यात ठेवली आहे, लहान स्टीलच्या डबीत. परवा मुलगी राहायला आली होती. तिला दिवा न लावता काढायला लावली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमलं.

सागाची साल भाऊ, एकच विचारायचं राहिलं. फळी उद्या लागणार आहे. कूलरकडच्या टोकाला पीयूचा आणखी एक हात मारू का, की खालच्या बाजूने मारलेला पुरे?

सागाची_साल

टोकाले मारा ताई, दोन हात. लाकूड पाणी पिते ते टोकाकडून, सपाट बाजूनं कमी. आणि फळी भिंतीले एकदम चिकटवू नका, मागून एक सूत हवा जाऊ द्या.